‘बाकी काही घेत नाही, डॉक्टर!’

रात्रीचे साडेअकरा. हिंजवडीहून घरी पोचायला दीड तास, मग अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल, आणि फ्रिजमध्ये कालची भेंडी. अशा वेळी मी ओट्यापाशी उभी राहून कपभर कोमट दुधात चमचाभर करडी पूड ढवळत असे. वास? अश्वगंधा म्हणजे घोड्यासारखा वास येणारी. हे नाव ज्याने ठेवलं तो माणूस अगदी प्रामाणिक असणार! नाक दाबून कप संपवायचा आणि स्वतःला सांगायचं, ‘झालं. आता उद्यापासून आपण एकदम शांत.’

मंडळी, आजचा कॉलम त्या चमच्याबद्दल आहे. कारण परवा ऑफिसच्या पॅण्ट्रीत सहज विचारलं, तर आमच्या टीममधल्या ११ जणांपैकी चौघं अश्वगंधा घेत होते. कुणी गोळी, कुणी चूर्ण, एक जण तर स्ट्रॉबेरीच्या चवीची गमी! आणि चौघांपैकी एकानेही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ‘त्यात काय सांगायचं? नॅचरल आहे यार!’

सेम टु सेम माझं वाक्य. ते मला कितीला पडलं, ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात मला टीम लीड केलं. पगार थोडा वाढला, टेन्शन दुप्पट झालं. झोप उडाली. रविवारी संध्याकाळी सहा वाजले की पोटात गोळा यायचा, सोमवारचा. साताऱ्याची आत्या राहायला आली होती. तिने माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली आणि पिशवीतून एक बरणी काढली. ‘आस्कंद आहे गं. माझ्या वैद्यांनी दिलाय. रात्री दुधातून घे, झोप लागेल.’

आणि खरं सांगू? लागली. दोन आठवड्यांत मी बऱ्यापैकी झोपायला लागले. इथेच थांबले असते तर हा कॉलम झालाच नसता. पण आपण थांबतो थोडेच! चूर्ण कळकट वाटतं, ऑफिसला नेता येत नाही, म्हणून मी कॅप्सूल मागवल्या. दहा मिनिटांत घरपोच! सकाळी एक, दुपारी एक, रात्री वर आत्याचं दूध. चांगली गोष्ट जास्त घेतली की जास्त चांगली, असा माझा साधा फंडा.

दसऱ्याच्या सुमारास छातीत धडधड सुरू झाली. जिना चढताना नाही, नुसतं खुर्चीत बसल्या बसल्या. पहाटे तीनला टक्क जाग. पेन धरला की बोटं थरथरायची. वजन तीन किलोंनी उतरलं, त्याबद्दल तर मला कॉम्प्लिमेंट्स मिळाल्या! माझं निदान तयार होतं, स्ट्रेस वाढलाय. मग त्यावर उपाय? आणखी एक कॅप्सूल.

शेवटी एका मीटिंगमध्ये नाडी इतकी पळायला लागली की मी बाथरूममध्ये जाऊन बेसिन धरून उभी राहिले. त्या संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, ‘तुझा टीएसएच पार तळाला गेलाय. थायरॉइडची गोळी वाढवलीस का?’

हे सांगायचं राहिलं. मला गेली सहा वर्षं थायरॉइड आहे. म्हणजे थायरॉइड कमी काम करतो, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आता ती इतकी अंगवळणी पडलीय की आजार आहे हेच मी विसरले होते.

‘नाही, गोळी तेवढीच आहे.’

‘दुसरं काही घेतेस?’

‘छे! बाकी काही घेत नाही, डॉक्टर.’

हे मी शपथेवर सांगितलं असतं. डॉक्टर क्षणभर गप्प बसले, मग त्यांनी प्रश्न बदलला. ‘बरं. दुधात, चहात, पाण्यात घालून काही घेतेस? काही चघळतेस? कुणी प्रेमाने दिलेलं?’

अं... हो की!

तर मंडळी, तो प्रश्न लिहून ठेवा. औषध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत पत्र्यातली गोळी येते. बरणीतली पूड आपल्या हिशेबात येतच नाही. आणि डॉक्टर ‘औषध’ असा शब्द वापरतात. दोघांची चुकामूक होते ती इथे.

नंतर मी थोडा अभ्यास केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांपैकी काहींना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अश्वगंधा मुळाचा अर्क दिला होता. त्यांचे थायरॉइड हार्मोन वाढले आणि टीएसएच खाली आला. ज्यांचा थायरॉइड मंद आहे आणि जे गोळी घेत नाहीत, त्यांना ही बातमी गोड वाटेल. पण मी आधीच बाहेरून हार्मोन घेत होते. त्यात ही वरची भर. शरीरात हार्मोन जास्त झालं की काय होतं? धडधड, थरथर, जाग, चिडचिड. म्हणजे ज्याला मी ‘स्ट्रेस’ म्हणत होते, ते निदान काही प्रमाणात मी घेतलेल्या उपायामुळेच होत होतं, आणि त्यावर मी तोच उपाय वाढवत होते! माझ्या बाबतीत हेच एकमेव कारण, असं डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. पण आस्कंद बंद केला, गोळी होती तेवढीच ठेवली, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच जागेवर आला.

म्हणजे अश्वगंधा वाईट? अजिबात नाही. आधी तिची बाजू मांडते.

ही आपल्या वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. कागदी पापुद्र्यात लपलेली लाल फळं येतात. मध्य प्रदेशातल्या नीमच, मंदसौर भागात तिची शेती होते. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’ या शब्दाचा अर्थच झोप आणणारी. आयुर्वेदात मुळाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम देतात. आणि हे नुसतं आजीबाईच्या बटव्यातलं नाही. २०१२ साली भारतात झालेल्या एका चाचणीत तणावाखालच्या ६४ माणसांचे दोन गट केले. एका गटाला ६० दिवस मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. अर्कवाल्यांचा ताण मोजपट्टीवर जास्त उतरला, आणि कॉर्टिसोल हे तणावाचं हार्मोनही. २०२२ साली मानसोपचार तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने वनौषधींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सततच्या चिंतेच्या विकारासाठी ३०० ते ६०० मिलिग्रॅम अर्काची तात्पुरती शिफारस केली. ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा. चाचण्या छोट्या आहेत, आणि बहुतेक दोन-तीन महिन्यांत संपतात. वर्षानुवर्षं रोज घेतल्यावर काय होतं, ते त्यांतून कळत नाही.

आता दुसरी बाजू. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच जणांची नोंद प्रसिद्ध केली. अश्वगंधा सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत त्यांना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली. यकृत निकामी होण्यापर्यंत कोणाचीच वेळ आली नाही. असं क्वचित होतं, पण होतं. डेन्मार्कने तर थायरॉइड आणि इतर हार्मोनवरच्या परिणामांच्या भीतीने २०२३ साली अश्वगंधेवर बंदीच घातली. तुम्ही म्हणाल, जरा अतीच केलं. असेलही. पण ‘नॅचरल आहे, त्याचा काय त्रास होणार’ या वाक्यातली हवा त्याने नक्कीच जाते.

वर माझी स्वतःची गोची वेगळीच. चूर्ण आणि अर्क म्हणजे एकच, असं मी धरून चालले होते. चूर्ण म्हणजे मूळ वाळवून दळलेलं. अर्क म्हणजे त्यातलं सत्त्व काढून घट्ट केलेलं. ३०० मिलिग्रॅमची छोटीशी कॅप्सूल चमचाभर पुडीपेक्षा हलकी दिसते, तशी ती असेलच असं नाही. मी दोन्हींची बेरीज करत होते, आणि एकूण किती होतंय हे मला, आत्याला, तिच्या वैद्यांना, कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझ्या चुलतभावाचा किस्सा. तो जर्मनीत असतो. माझी ही सगळी कहाणी ऐकून फोनवर म्हणाला, ‘ताई, तू सेंट जॉन्स वर्ट घे ना! इकडे सगळे घेतात. मी आणतो डिसेंबरमध्ये.’

ही युरोपातली पिवळ्या फुलांची वनस्पती. संत जॉनच्या सणाच्या, म्हणजे २४ जूनच्या सुमाराला फुलते, म्हणून हे नाव. मूडसाठी जगात सर्वांत जास्त तपासलेली वनस्पती कदाचित हीच. २००८ साली २९ चाचण्या, मिळून जवळपास साडेपाच हजार रुग्ण, यांचा एकत्र आढावा घेतला गेला. सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा अर्क नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा चांगला, आणि नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीचा ठरला. भाऊ खोटं बोलत नव्हता.

पण ही बाई यकृताला कामाला लावते! काही औषधं शरीराबाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा तिच्यामुळे जोरात चालायला लागते. मग गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, अवयव बदलल्यावर घ्यायची औषधं, हे सगळं वेळेआधीच निकामी होतं. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. हृदय प्रत्यारोपण झालेले दोघं. सगळं सुरळीत चाललं होतं. दोघांनी मन बरं वाटावं म्हणून ही वनस्पती सुरू केली आणि प्रत्यारोपणाचं औषध रक्तात इतकं घसरलं की शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. आणि नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर सेरोटोनिन नको इतकं वाढू शकतं. घाम, थरथर, जुलाब, ताप, गोंधळलेपण. वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं.

मी भावाला म्हटलं, ‘आणू नकोस. चॉकलेट आण.’

असो. घाबरवणं हा उद्देश नाही. मन जरा हलकं व्हावं म्हणून कुणी आस्कंद घेणार असेल तर खुशाल घ्यावा, पण माझ्यासारखा नाही. डॉक्टरांकडून आणि नंतर आत्याच्या वैद्यांकडून (हो, साताऱ्याला जाऊन भेटले!) मी जे शिकले, ते असं. कापून फ्रिजवर लावा.

• आधी यादी. जे जे पोटात जातं ते सगळं कागदावर लिहा. गोळ्या, चूर्ण, काढा, गमी, जिममधला डबा, सगळं. तोच कागद डॉक्टरांनाही दाखवा आणि वैद्यांनाही. दोघांना वेगवेगळी गोष्ट सांगू नका.

• थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, यकृताचा त्रास किंवा संधिवातासारखा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असेल, तर न विचारता अश्वगंधा नको. गरोदर असाल, त्या तयारीत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नकोच. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

• एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. तीन एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

• लेबल वाचा. मूळ की पान? २०२१ साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळायला सांगितलं होतं, त्यामुळे ‘मूळ’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. अर्क किती मिलिग्रॅम, ते लिहिलंय का? परवाना क्रमांक आहे का? २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली होती, त्यातल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं होतं. त्यात भारतात बनलेलीही होती आणि अमेरिकेत बनलेलीही.

• सुरू करण्याची तारीख लिहा, आणि थांबण्याचीही. दोन-तीन महिन्यांनी थांबून बघायचं, वैद्यांना पुन्हा दाखवायचं. ‘चालू आहे तर चालू दे’ हे नको.

• डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, सतत मळमळ, छातीत धडधड, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा.

• मनासाठी गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करून त्यांच्या जागी वनस्पती घेऊ नका. कधीच.

यादी संपली. पण माझी गोष्ट तिथे संपली नाही.

टीएसएच जागेवर आला. धडधड गेली, हात स्थिर झाले. मी पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, ‘मग? आता बरं वाटतंय?’

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. मलाच कळेना, का.

त्यांनी पाच-सहा साधे प्रश्न विचारले. गेले दोन आठवडे, बहुतेक दिवस, उदास वाटतंय का? ज्यात आधी मजा यायची त्यात येते का? झोप, भूक, लक्ष? स्वतःबद्दल काय वाटतं? जगू नये असं कधी मनात येतं का? शेवटच्याला मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. बाकीच्यांना मात्र... दर गणपतीत ढोल वाजवणारी मी, या वर्षी पथकाच्या सरावाला एकदाही गेले नव्हते. कुणी विचारलं की ‘काम आहे रे’. काम होतंच, पण ते कारण नव्हतं. ढोल बांधायला उचलण्याचीही इच्छा होत नव्हती.

थायरॉइडच्या गडबडीखाली ही गोष्ट लपली होती, आणि त्याआधी आस्कंदाच्या दुधाखाली. दोन आठवडे बरी झोप लागली तेव्हा मी समजले, सुटले. मला काय होतंय हे कुणाला सांगावं लागू नये म्हणून मी तो कप पीत होते. चमचा ढवळला की ‘मी काहीतरी करतेय’ असं वाटायचं. एवढ्यावर तीन महिने निघून गेले.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. आता दर बुधवारी संध्याकाळी सहाला मी तिथे असते. कॅलेंडरवर ‘डेंटिस्ट’ असं लिहिलंय. तेही लवकरच बदलणार आहे, प्रॉमिस. गोळी लागली तर घेईन, अजून तरी लागलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला माझ्यासारखं दोन आठवड्यांहून जास्त वाटत असेल आणि कुणाकडे जावं हे कळत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि जगू नये असं मनात येत असेल तर उद्याची वाट बघू नका. जवळच्या माणसाला उठवा, तोच नंबर फिरवा, किंवा थेट हॉस्पिटल गाठा. त्या रात्री कुठलंही चूर्ण कामाचं नाही.

साताऱ्याला गेले तेव्हा आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल, तिच्या बरणीमुळे झालं म्हणून. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, ‘अगं, मी आस्कंद दिला तो तुला झोप येत नाही म्हणालीस म्हणून. तू रडतेस, हे कुठं सांगितलंस मला?’

खरंच की. नव्हतंच सांगितलं.

आत्या अजून आस्कंद घेते. तिच्या वैद्यांनी मोजून दिलेला, मधे मधे थांबून, रक्त तपासून. तिला मानवतो. माझी बरणी मी तिला परत दिली. बदल्यात तिने मला काय दिलं माहितीये? रोज रात्री साडेनऊचा एक फोन. तोही कडूच असतो कधी कधी, ‘जेवलीस का, एवढा उशीर का, लग्नाचं काय’ वगैरे. पण धडधड होत नाही त्याने!

तर दोस्तहो, पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, ‘बाकी काही घेतेस?’, तर दोन सेकंद थांबा. बरणी आठवा, गमी आठवा, आणि मग उत्तर द्या. आणि तुमच्या माणसाने विचारलं, ‘कशी आहेस?’, तर तिथेही दोन सेकंद थांबा.